कुजणं हा गुन्हा नव्हे

पवित्र शास्त्रावर बोलणाऱ्या मंडळींत सध्या एक फार सोयीचं समीकरण फिरतं आहे. नव्या कराराच्या मूळ ग्रीकमध्ये 'फ्थोरा' असा एक शब्द येतो. इंग्रजीत त्याचं 'करप्शन' झालं. करप्शन म्हणजे भ्रष्टता आणि भ्रष्टता म्हणजे पाप. तेव्हा जिथे फ्थोरा तिथे पाप! शरीर कुजतं कारण ते पापी, सृष्टी झिजते कारण ती भ्रष्ट, आणि कचेरीतला कारकून टेबलाखालून पाकीट घेतो तोही याच शब्दाचा अवतार. तीन पायऱ्या चढायच्या की थेट न्यायासन. तिथून मग प्रेताकडे, आजाऱ्याकडे, झाडापाखरांकडे, सगळ्यांकडे आरोपी म्हणून पाहता येतं.

हे समीकरण मी बंगळुरात मराठीतून ऐकलं आहे, इंग्रजीतून ऐकलं आहे, आणि सर्वांत वाईट म्हणजे दफनभूमीत ऐकलं आहे. पेटी खाली सोडलेली, घरची माणसं काठावर उभी, आणि उपदेशक सांगतोय की देहाचं हे कुजणं म्हणजे आतल्या भ्रष्टतेची पावती. मूळ ग्रीकचा दाखला दिला की समोरचा माणूस गप्प बसतो, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. शोकात बुडालेला माणूस तर हमखास गप्प बसतो.

गंमत अशी की, या उपदेशकाचे कट्टर विरोधकही त्याच पायऱ्या चढून येतात. आमचे काही बुद्धिवादी मित्र म्हणतात, बघा, ख्रिस्ती धर्म शरीराला घाण समजतो, निसर्गाला भ्रष्ट समजतो, त्यांच्या ग्रंथात देहाला शब्दच 'करप्शन' आहे. उपदेशक याच आधारावर शरीराला फटकारतो आणि हे मित्र धर्माला फटकारतात. वाचलं दोघांनीही नाही.

मी मल्लेश्वरममध्ये राहतो, म्हणून या न वाचण्याचा मला जरा जास्तच राग येतो. याच मल्लेश्वरमच्या पश्चिम अंगाला सेंट पीटर्स सेमिनरी आहे, आणि तिच्याच आवारातल्या पत्त्यावरून 'थिऑलॉजिकल पब्लिकेशन्स इन इंडिया' ही संस्था बायबलच्या अभ्यासाची जाडजूड पुस्तकं काढत आली आहे. जेरोम बायबल भाष्याची भारतीय आवृत्ती तिनंच काढली. देशभरातल्या कितीतरी पाळकांच्या कपाटात ती आहे आणि तिच्या पुठ्ठ्यामागे 'बंगळुर' असं छापलेलं आहे. म्हणजे उत्तर याच गावात छापलं जातं, आणि याच गावात त्याच्या उलट बोललं जातं. कपाट उघडायचे कष्ट कोण घेणार? खिशातल्या मोबाइलमध्ये स्ट्राँगचा क्रमांक आहे ना!

हा स्ट्राँग म्हणजे जेम्स स्ट्राँग. 1890 मध्ये त्याची शब्दसूची निघाली. इंग्रजी बायबलातल्या प्रत्येक शब्दामागे कोणता हिब्रू किंवा ग्रीक शब्द आहे, हे त्यानं क्रमांक देऊन मांडलं. फ्थोराचा क्रमांक 5356. काम अफाट होतं आणि उपयोगीही. पण शब्दसूची म्हणजे शब्दकोश नव्हे आणि शब्दकोश म्हणजे वाक्य नव्हे. आमचे अभ्यासक क्रमांकावर बोट ठेवतात, समोर चार-पाच अर्थ येतात, त्यांतला सर्वांत झणझणीत उचलतात आणि तो नऊच्या नऊ ठिकाणी चिकटवतात. स्ट्राँगनं स्वतः तिथे पहिला अर्थ झीज आणि नाश असाच दिला आहे, तेवढंही वाचायला यांना सवड नसते.

नऊच ठिकाणी, हो. नव्या करारात फ्थोरा हा शब्द नऊ वेळा येतो: रोमकरांस पत्रात एकदा, करिंथकरांस पहिल्या पत्रात दोनदा, गलतीकरांस आणि कलस्सैकरांस पत्रांत एकेकदा, आणि पेत्राच्या दुसऱ्या पत्रात चार वेळा. एका संध्याकाळी बसून तपासता येईल एवढाच हा ऐवज. तपासूया.

पण त्याआधी हा शब्द ग्रीक माणसाच्या तोंडात कसा होता ते पाहायला हवं, कारण यांतली बहुतेक पत्रं लिहिणाऱ्या पौलानं तो आकाशातून आणलेला नाही. अॅरिस्टॉटलचा एक ग्रंथच 'गेनेसिस आणि फ्थोरा' यांवर आहे. गेनेसिस म्हणजे घडून येणं आणि फ्थोरा म्हणजे मोडून जाणं. आपण उत्पत्ती आणि लय म्हणतो तीच जोडी. पाण्याची वाफ होते, लाकडाची राख होते, तेव्हा आधीच्या वस्तूची फ्थोरा झाली. अॅरिस्टॉटल लाकडावर खटला भरत होता का? वैद्यकात गर्भ पडण्याला हाच शब्द होता. प्लूटार्क सांगतो की अपोलोडोरस नावाच्या चित्रकारानं सावलीतल्या रंगांची 'फ्थोरा' शोधून काढली. तिथे अर्थ रंग एकमेकांत विरवत नेणं एवढाच. ग्रीक चर्चच्या गायनात आजही फ्थोरा हे एक चिन्ह आहे. ते आलं की गाणारा एका सुरावटीतून दुसरीत जातो. समीकरणवाल्यांच्या हिशेबानं प्रत्येक भजनात पाप घडतं म्हणायचं.

आणि शास्त्राच्या बाहेर जायचीही गरज नाही. जुन्या कराराचं ग्रीक भाषांतर पौलाच्या हाताखालचं. त्यात निर्गमाच्या अठराव्या अध्यायात मोशेचा सासरा इथ्रो त्याला भेटायला येतो. पाहतो तर जावई सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटा बसून अख्ख्या लोकांचे तंटे सोडवतोय. सासरा म्हणतो, असं करशील तर झिजून जाशील, माणसं नेम, कामं वाटून दे. या झिजून जाण्याला ग्रीक भाषांतरकारांनी नाम आणि क्रियापद दोन्ही याच धातूतून घेतली आहेत. नाम तर थेट फ्थोराच. मोशेनं काय लाच खाल्ली होती? तो तर न्याय देत बसला होता, आणि न्याय देता देता त्याची फ्थोरा होत होती.

आता नव्या कराराकडे. सुरुवात समीकरणवाल्यांच्या सर्वांत लाडक्या जागेपासून करू, म्हणजे त्यांना वाटायला नको की अवघड भाग टाळला. करिंथकरांस पहिल्या पत्राचा पंधरावा अध्याय. इथे ते म्हणतात, पाहा, तेहतिसाव्या वचनात पौल हेच क्रियापद वाईट संगतीनं चांगल्या सवयी बिघडतात यासाठी वापरतो. तिथे अर्थ नैतिक आहे, हे तर तुम्हीही मानता. मग नऊ वचनांनंतर त्याच धातूचं नाम आलं की अर्थ बदलतो कसा?

मुद्दा दिसतो तगडा. क्रियापदाचा नैतिक अर्थ आहे, यात वादच नाही. सॉक्रेटिसवर इ. स. पू. 399 मध्ये जो खटला चालला त्यात तरुणांना बिघडवल्याचा आरोप याच कुळातल्या क्रियापदानं केला होता. तेहतिसाव्या वचनातलं वाक्यही पौलाचं स्वतःचं नाही. ते मेनांदर या नाटककाराच्या नावावर सांगितलं जातं, म्हणजे तो बाजारात रुळलेला बोल होता. पण याच्यावरून पुढचं अनुमान काढणाऱ्यानं जरा आपल्या मायबोलीकडे कान द्यावा. आपण 'संगतीनं पोरगं नासलं' म्हणतो आणि त्याच दमात 'दूध नासलं' म्हणतो. पातेल्याशी उभ्या असलेल्या बाईनं दूध नासलं म्हटलं म्हणून दुधाच्या चारित्र्यावर कुणी शंका घेतली आहे का? पोराच्या बाबतीत नासणं हा ठपका असतो आणि दुधाच्या बाबतीत ती खबर असते. क्रियापद एकच, कर्ता वेगळा. हे कळायला ग्रीक लागत नाही, मराठी पुरते.

आणि पंधराव्या अध्यायात कर्ता कोण आहे? दाणा. करिंथच्या लोकांनी विचारलं होतं, मेलेले उठणार म्हणता तर कोणत्या शरीरानं उठणार? पौल चिडून शेताचं उदाहरण देतो. पेरलेला दाणा मरतो तेव्हा उगवतो. मग बेचाळिसाव्या वचनापासून तो जोड्या लावत जातो: पेरणी फ्थोरेत, उठणं अफ्थार्सियात (म्हणजे न झिजण्यात), पेरणी अपमानात, उठणं गौरवात, पेरणी अशक्तपणात, उठणं सामर्थ्यात. या रांगेत एक तरी नैतिक जोडी दाखवा! अशक्तपणा हे पाप आहे का? दाण्याची कुठली वाईट संगत? पौलाला फ्थोरा म्हणजे दुराचार म्हणायचं असतं तर समोर सदाचार ठेवायला त्याच्याकडे शब्दांची वाण नव्हती. त्यानं समोर ठेवलं न झिजणं, न मरणं.

पुढे पन्नासाव्या वचनात तो म्हणतो की मांस आणि रक्त यांना देवाच्या राज्याचा वारसा मिळत नाही आणि फ्थोरेला अफ्थार्सियाचा मिळत नाही. जर्मन अभ्यासक योआखिम येरेमियास यांनी 1955च्या सुमारास या वाक्यावर एक लेख लिहिला होता. त्यांचं म्हणणं असं की, मांस-रक्त म्हणजे तेव्हा जिवंत असलेले आणि फ्थोरा म्हणजे मेलेले, मातीत विरत चाललेले. दोघांनाही बदलावं लागेल. येरेमियास सगळ्यांना पटले असं नाही. पण पटो न पटो, त्या वाक्यात शीलाची चर्चा आहे असं म्हणायला जागा कुठे आहे?

हाच अध्याय आमच्या बुद्धिवादी मित्रांनीही उघडावा. शरीराची किळस असलेला माणूस शरीर उठणार म्हणून अठ्ठावन्न वचनं खर्च करत नाही. तो म्हणतो, सुटला बिचारा देहातून. पहिल्या शतकांत असं म्हणणारे पंथ होतेच. दुसऱ्या शतकात लियॉनचा इरेनियस त्यांच्याशी भांडला आणि त्यानं तक्रारही केली की हे सगळे नेमकं ते मांस-रक्ताचं वाक्य पुढे करतात. म्हणजे पौलाच्या वाक्यातून देहद्वेष काढणं ही अठराशे वर्षांपूर्वीच खोडून काढलेली चूक आहे. ती आज नव्या शोधासारखी मांडली जाते, याचं हसू येतं.

रोमकरांस पत्राचा आठवा अध्याय. सृष्टी फ्थोरेच्या दास्यात आहे आणि तिला सुटका मिळणार आहे, असं एकविसावं वचन सांगतं. उपदेशक इथे थांबतो आणि सृष्टीच्या भ्रष्टतेवर अर्धा तास बोलतो. एक वचन मागे गेला असता तर बरं झालं असतं. विसाव्या वचनात पौल स्पष्ट सांगतो की सृष्टी या अवस्थेत स्वतःच्या इच्छेनं गेलेली नाही. आदामाच्या पापाचा शाप जमिनीला लागला, हा उत्पत्तीतला विचार पौलाच्या मनात आहे, हे मान्य. पण त्यानं काय सिद्ध होतं? दोष माणसाचा आणि झीज सृष्टीची. ज्याचं नुकसान झालं त्यालाच भ्रष्ट म्हणायचं, हा कुठला न्याय? आपल्याकडे घरफोडी झालेल्या माणसालाच पोलीस उलटे प्रश्न विचारतात म्हणतात, त्यातलाच हा प्रकार.

गलतीकरांस पत्रात देहस्वभावासाठी पेरणाऱ्याला फ्थोरेचं पीक मिळेल असं आहे. इथे ते विजयी मुद्रेनं पाहतात. पण पेरणी नैतिक आहे, पीक नव्हे. त्याच वचनात दुसऱ्या पिकाचं नाव आहे सार्वकालिक जीवन. जीवनाच्या समोर काय उभं राहतं? मरण, नाश. रूढ मराठी भाषांतरात इथे 'नाश' हाच शब्द आहे आणि तो चोख आहे.

कलस्सैकरांस पत्रातली जागा तर समीकरणाची फजितीच करते. हे शिवू नको, ते चाखू नको, अशा नियमांची पौल तिथे टर उडवतो आणि म्हणतो, ज्या वस्तूंबद्दल हे सगळं चाललंय त्या वापरल्या की संपतातच. हे संपणं म्हणजे फ्थोरा. मार्गोसा रस्त्यावर सीटीआर या उपाहारगृहात रांग लावून लोण्याचा मसाला डोसा खाल्ला तर पाच मिनिटांत त्याची फ्थोरा होते. यात भ्रष्टाचार झालाच तर रांग मोडणाऱ्यानं केला असेल, डोशानं नाही.

राहिलं पेत्राचं दुसरं पत्र. इथे मी एक पाऊल मागे घेतो, आणि एकच. दुसऱ्या अध्यायाच्या एकोणिसाव्या वचनात खोटे शिक्षक फ्थोरेचे दास आहेत असं म्हटलं आहे. तिथे आचरणाचा रंग नक्की आहे. पहिल्या अध्यायाच्या चौथ्या वचनात वासनेमुळे जगात आलेली फ्थोरा आहे आणि मराठी भाषांतरानं तिला 'भ्रष्टता' म्हटलं. ते चालू शकतं. पण तिथेसुद्धा रिचर्ड बॉकहॅम यांच्यासारखा जाणता भाष्यकार 1983च्या आपल्या ग्रंथात म्हणतो की, लेखकाच्या डोळ्यांसमोर मर्त्यपणाच आहे, कारण समोर दैवी स्वभावात वाटा मिळण्याची गोष्ट आहे. वासना हे कारण आहे आणि फ्थोरा हा परिणाम. आणि याच पत्रात दुसऱ्या अध्यायाच्या बाराव्या वचनात धरले जाऊन मारले जाण्यासाठी जन्मलेल्या जनावरांची फ्थोरा आहे. बोकडाची कत्तल झाली तर ती बोकडाची अनीती का?

सर्वांत बोलकी जागा मात्र या नवांच्या बाहेर आहे. प्रेषितांच्या कृत्यांत 'दिआफ्थोरा' हा जोडशब्द सहा वेळा येतो आणि सहाही वेळा त्याचा अर्थ प्रेताचं कुजणं एवढाच आहे. विषय सोळाव्या स्तोत्राचा, जिथे गाणारा म्हणतो की देव आपल्या पवित्र जनाला कुजू देणार नाही. हिब्रू स्तोत्रात तिथे खड्डा, म्हणजे कबर, असा अर्थ घेता येणारा शब्द आहे. ग्रीक भाषांतरकारांनी तो नाश या अर्थाच्या धातूशी जोडून दिआफ्थोरा केला, आणि पेत्र व पौल दोघंही त्या ग्रीक रूपावर आपलं म्हणणं उभं करतात: दावीद कुजला, येशू कुजला नाही, म्हणून स्तोत्र दाविदाबद्दल असू शकत नाही. आता तेराव्या अध्यायाचं छत्तिसावं वचन पाहा. पौल म्हणतो, दाविदानं आपल्या पिढीत देवाच्या इच्छेप्रमाणे सेवा केली, तो झोपी गेला, पूर्वजांजवळ पुरला गेला आणि कुजला. सेवा आणि कुजणं एकाच वाक्यात! दाविदावर ठपका ठेवायचा तर बथशेबेचं प्रकरण हाताशी होतं, पौलानं ते काढलं नाही. इथे कुजणं ही भल्या माणसाच्या आयुष्याची शेवटची ओळ आहे. दफनभूमीत मूळ ग्रीक सांगायची हौस असणाऱ्यांनी हे वचन सांगावं.

आणि लाचेचं काय? भ्रष्टाचारविरोधी आंदोलनाचा 2011चा तो काळ आठवतो. तेव्हापासून तर फ्थोराचं थेट 'भ्रष्टाचार' करून टाकायची लाट आली. आजच्या ग्रीकमध्ये लाचखोरीला 'दिआफ्थोरा' म्हणतात हे खरं, आणि साध्या 'फ्थोरा'चा अर्थ आजही वस्तूंची झीज असाच आहे, हेही खरं. पण आजचा अर्थ पहिल्या शतकावर कसा लादायचा? त्याच प्रेषितांच्या कृत्यांत चोविसाव्या अध्यायात लाचेचा अस्सल प्रसंग आहे. फेलिक्स सुभेदार पौलाला कैदेत ठेवतो, वरचेवर बोलावून गप्पा मारतो, कारण त्याला आशा आहे की हा पैसे देईल. दिआफ्थोरा सहा वेळा लिहिणारा कृत्यांचा लेखक लूक इथे तो शब्द वापरत नाही. तो सरळ 'पैसे' म्हणतो. लाचेविरुद्ध शास्त्रात खणखणीत वचनं आहेत, मोशेपासून संदेष्ट्यांपर्यंत. ती वाचा की! त्यासाठी बिचाऱ्या प्रेताला साक्षीला का ओढता?

मग हे खूळ आलं कुठून? लॅटिनमधून इंग्रजीत, इंग्रजीतून आपल्यात. व्हल्गेट या जुन्या लॅटिन बायबलात शब्द होता 'कोरुप्तिओ'. (व्हल्गेट म्हटलं की जेरोमचं नाव घ्यायची पद्धत आहे, पण पौलाच्या पत्रांचं ते लॅटिन त्याच्या हातचं नसावं असं बरेच अभ्यासक मानतात.) 1611च्या इंग्रजी भाषांतरात त्याचं 'करप्शन' झालं, तेही नऊपैकी सातच ठिकाणी. त्या काळच्या इंग्रजीत करप्शन म्हणजे सडणंही होतं. इंग्लंडच्या चर्चच्या 1662च्या प्रार्थनापुस्तकात समुद्रावर मेलेल्या खलाशाच्या अंत्यविधीचा पाठ आहे. त्यात त्याचा देह समुद्राच्या हवाली करताना तो 'करप्शन' होण्यासाठीच सोपवला जातो. तो खलाशी खोल पाण्यात जाऊन लाच घेणार होता काय? पुढे इंग्रजीत तो अर्थ मागे पडला आणि इंग्रजांनी आपली भाषांतरं दुरुस्त केली. 1946च्या सुधारित नव्या करारात रोमकरांस पत्रात झीज आहे आणि करिंथकरांस पत्रात नाशवंत. त्याच्या चारशे वर्षं आधी लूथरच्या जर्मनमध्ये दाणा कुजण्याजोगाच पेरला जात होता. ज्यांचा शब्द, त्यांनी तो सोडला. आपण मात्र त्यांचं जुनं कापड अंगावर घालून मिरवतोय.

पण सगळा दोष इंग्रजीवर टाकला तर ते लबाडीचं होईल. सडलेल्या शरीरात पाप पाहायची सवय आपल्या मातीतलीही आहे. महारोग झाला की 'मागचं फेडतोय' म्हणायचं, बोटं झडलेल्या माणसाला गावकुसाबाहेर काढायचं. या सवयीविरुद्ध वरोऱ्याजवळ बाबा आमट्यांना 1949मध्ये आनंदवन उभं करावं लागलं. योहानाच्या शुभवर्तमानात शिष्य जन्मांध माणसाकडे बोट दाखवून विचारतात, पाप कुणाचं, याचं की आईबापांचं? येशू दोन्ही नाकारतो. समीकरणवाले अजून शिष्यांच्याच जागी उभे आहेत, फक्त हातात ग्रीक कोश आहे.

एक तिसरा गट उरतो, आणि तो मराठी असल्यामुळे त्याच्याशी बोलायलाच हवं. हे व्युत्पत्तीचे भक्त. ते सांगतात की व्युत्पत्तिकोश फ्थोराचा धातू संस्कृत 'क्षर्' धातूशी जोडतात, म्हणून पौलाचा फ्थोरा म्हणजे गीतेतला क्षर, अफ्थार्सिया म्हणजे अक्षर, आणि पौल मनानं वेदान्ती. नातं खरं आहे. तशाच दुसऱ्या एका धातूच्या जोडीतलं, होमरच्या न झिजणाऱ्या कीर्तीचं आणि ऋग्वेदातल्या 'अक्षित' श्रवाचं साम्य भाषाशास्त्रज्ञ आडालबर्ट कून यांनी 1853मध्येच दाखवलं होतं. पण आजी एक असली म्हणून नातवंडांची मतं एक होत नाहीत. गीतेच्या पंधराव्या अध्यायात क्षर म्हणजे सर्व भूतं आणि अक्षर म्हणजे कूटस्थ. पौलाकडे मुळातच न झिजणारं असं आत काही बसलेलं नाही. जे झिजतं तेच पुढे न झिजणारं पांघरणार आहे. हे दोन वेगळे विचार आहेत आणि दोघांचाही मान त्यांच्या वेगळेपणात आहे. धातूवरून अर्थ ठरवायच्या या खेळाचा जेम्स बार यांनी 1961मध्ये आपल्या पुस्तकात पुरता समाचार घेतला होता. शिवाय कोशात फ्थोराच्या शेजारीच 'फ्थेइर' आहे. त्याचा अर्थ ऊ. आता काढा त्यातून वेदान्त.

उरला शेवटचा आक्षेप, आणि तो मला सर्वांत जास्त झोंबतो, कारण तो आपल्या भाषांतरकारांवर आहे. म्हणे मराठी बायबल विस्कळीत आहे; एकाच ग्रीक शब्दाला कुठे नश्वरता, कुठे विनाशीपणा, कुठे नाश, कुठे भ्रष्टता, आणि कृत्यांत कुजणं. एक शब्द धरून ठेवता आला नाही त्यांना! अहो, धरून ठेवला नाही हेच त्यांचं शहाणपण. ग्रीकमध्ये एका शब्दात जे कोंबलेलं आहे त्याला मराठीत वेगवेगळी दालनं आहेत. आपल्याकडे लोखंड गंजतं, धान्य किडतं, कापड विरतं, दगड झिजतो, भात आंबतो, माणूस खंगतो. बंगालमधल्या श्रीरामपूरला विल्यम कॅरी या मिशनऱ्याच्या देखरेखीखाली 1811मध्ये नवा करार मराठीत छापला गेला, त्याला दोन शतकं उलटून गेली. मधल्या काळात केडगावच्या मुक्तिसदनात पंडिता रमाबाईंनी, साध्या बायामाणसांना कळावं म्हणून, हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल नव्यानं मराठीत आणलं. 1922मध्ये त्या गेल्या आणि दोन वर्षांनी ते पूर्ण छापून निघालं. एवढी पिढ्यांची मेहनत कशासाठी? वाक्य पाहून शब्द निवडता यावा म्हणून. ती मेहनत एका क्रमांकाच्या जोरावर सपाट करायला निघालेल्यांना शिस्तीचं कौतुक आहे, अर्थाचं नाही.

बायबल सोसायटी ऑफ इंडियाचं मुख्य कार्यालयही याच बंगळुरात, महात्मा गांधी रस्त्यावर आहे. मराठी भाषांतराची पुढची सुधारणा होईल तेव्हा 'सगळीकडे एकच शब्द ठेवा' अशा सूचना तिथे पोहोचतील. तिथल्या मराठी संपादकांना माझी एवढीच विनंती: रोमकरांस पत्रातली नश्वरता, करिंथकरांस पत्रातला विनाशीपणा, गलतीकरांस पत्रातला नाश आणि कृत्यांतलं कुजणं यांना हात लावू नका. आणि पाळकांना: पुढच्या दफनविधीत ग्रीक आठवलंच, तर फ्थोरा हा शब्द मेलेल्या माणसाच्या अंगावर फेकू नका.